वरचा कॉमा आणि अम्मीची सही

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल दौलताबाद आणि खुलताबादला जाणार होती. फजरनंतर लगेच जालन्याहून निघायचे आणि इशापर्यंत परत यायचे, असा बेत होता. सहलीला पालकांची संमती लागते. ते संमतिपत्र टाईप करण्याचे काम माझ्याकडे आले. मुलांना इंग्रजी अर्जांची सवय व्हावी म्हणून मी ते इंग्रजीतच केले. चार ओळींचा मजकूर, खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन शब्द: पेरेंटस' सिग्नेचर.

दोन दिवसांत बहुतेक मुलींची पत्रे परत आली. नववीतल्या एका मुलीचे आले नाही. मी विचारले तर म्हणाली, "मॅडम, मैं नहीं आ रई." मला वाटले पैशांची अडचण असेल. तिच्या वडिलांचा दोन वर्षांपूर्वी इंतकाल झाला आहे आणि आई घरी शिलाईकाम करते. मी तिला बाजूला घेऊन सांगितले की पैशांचे आपण बघू. तिने मान हलवली आणि ती वर्गात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई आली. हातात तेच पत्र, चार घड्या घातलेले. "मॅडम, बच्ची बोल रई दोनों की सही होना. इसके अब्बू तो रहे नहीं. अब क्या करना?" मी म्हटले, असे कोण म्हणाले? मुलगी आईच्या मागे उभी होती. हळूच म्हणाली, "मॅडम, आपने ही पढ़ाया था. एस के बाद कॉमा आया तो एक से ज़्यादा."

मी पत्र उलगडून पाहिले. तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. पेरेंट'स म्हणजे एका पालकाची सही, आई किंवा वडील. पेरेंटस' म्हणजे दोन्ही पालकांची. मला एकाचीच हवी होती आणि मी लिहिले होते दोघांचे. हा नियम मीच महिनाभरापूर्वी त्या वर्गाच्या फळ्यावर लिहिला होता. वर्गातल्या इतर मुलींनी तिकडे पाहिलेही नव्हते. जिने लक्ष देऊन वाचले, तीच अडली.

जाताना तिची आई आणखी एक गोष्ट सांगून गेली. "रात को पूछ रई थी, अम्मी, अब्बू की सही मैं कर दूँ क्या? मैं बोली, झूठी सही नको. नहीं गई तो नहीं गई."

त्या दिवसापासून हा लेख मनात आहे.

एवढ्याशा चिन्हावर एवढा लेख?

या चिन्हाचे इंग्रजी नाव ॲपॉस्ट्रॉफी. आमच्या मुली त्याला 'ऊपर का कॉमा' म्हणतात, मराठी माध्यमातली मुले 'वरचा कॉमा' म्हणतात. मीही या लेखात तेच म्हणणार आहे. इंग्रजी शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. एस या अक्षराचा उच्चार काहीही होवो, मी त्याच्या जागी 'स' लिहिला आहे आणि वरचा कॉमा इंग्रजीत जिथे येतो तिथेच दाखवला आहे.

आपल्या घरांतून आता रोज काही ना काही इंग्रजी लिहिले जाते. मुलांच्या रजेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, निकाहच्या कार्डाची इंग्रजी बाजू, दुकानाची पाटी, नोकरीसाठी पाठवलेला मेल, मोबाईलवरचा निरोप. महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज घरात जे तरुण आई-वडील आहेत, त्यांच्यातले कितीतरी जण पहिलीपासून इंग्रजी शिकलेले आहेत. तरीही वरच्या कॉमाशी आले की हात थबकतो. काही जण तो कुठेच देत नाहीत, काही जण प्रत्येक एसच्या आधी देतात.

याला कारण आहे. हे चिन्ह ऐकू येत नाही. बॉयस, बॉय'स आणि बॉयस' या तिन्हींचा उच्चार एकच. कानाने भाषा शिकणाऱ्याला ते कळणार कसे? ते डोळ्यांनीच शिकावे लागते. आपल्या मुलांना ते नीट समजावून कोणी सांगितलेले नसते, फक्त चुकले की लाल शाईचा गोल मिळतो. मीही असे गोल पुष्कळ काढले आहेत.

खरे तर उर्दू आणि मराठी येणाऱ्या माणसाला हे चिन्ह इतरांपेक्षा लवकर समजायला हवे. कसे ते पाहू.

पहिले काम: इथून काहीतरी गळले आहे

बोलताना दोन शब्द जवळ आले की एखादे अक्षर गळते. आय ॲम चे आय'म होते, डू नॉट चे डोन'ट होते, इट इज चे इट'स होते. जे अक्षर गळले, त्याच्या जागी वरचा कॉमा उभा राहतो. म्हणून डोन'ट मध्ये तो एन आणि टी यांच्या मध्ये येतो, कारण गळलेला ओ तिथला आहे. मुले पुष्कळदा तो डी-ओ नंतर, एनच्या आधी देतात. गळलेले अक्षर कोणते, असा प्रश्न स्वतःला विचारला की जागा चुकत नाही.

संस्कृत शिकलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. संस्कृतात गळलेल्या 'अ'च्या जागी ऽ असे चिन्ह देतात, त्याला अवग्रह म्हणतात. काम तेच.

दुसरे काम: हे कोणाचे?

मराठीत चा, ची, चे. उर्दूत का, की, के. इंग्रजीत हेच काम वरचा कॉमा आणि एस करतात. फादर'स नेम म्हणजे वडिलांचे नाव. क्रमही आपल्यासारखाच आहे. आधी मालक, मग 'चे', मग वस्तू.

हे चिन्ह इथे कसे आले, तेही सांगते. जुन्या इंग्रजीत 'चा'साठी नामाला ई-एस लावत. पुढे त्यातल्या ईचा उच्चार बहुतेक शब्दांत गळाला. वरचा कॉमा इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला, तेव्हा तो फक्त गळलेल्या अक्षराची खूण होता. हळूहळू तो 'चा'च्या एसआधीही बसला आणि सतराव्या शतकात ती रीत रुळली. अनेकवचनात एसनंतर कॉमा देण्याची रीत तर त्याच्याही नंतर पक्की झाली. म्हणजे दोन्ही कामांचे मूळ एकच आहे.

उर्दू वाचणाऱ्यांना आणखी एक गोष्ट आठवेल, ती म्हणजे इज़ाफ़त. 'अंजुमन-ए-इस्लाम' यातला 'ए' म्हणजे अंजुमनच्या शेवटच्या अक्षराखालची एक छोटी ज़ेर. तिच्यामुळे 'इस्लामची अंजुमन' असा अर्थ होतो. छापील उर्दूत ही ज़ेर पुष्कळदा दिलेलीच नसते, वाचणाऱ्याने ती मनाने लावून वाचायची असते. एवढ्याशा खुणेवर 'कोणाचे' हे ठरते, याची आपल्याला पिढ्यान्पिढ्या सवय आहे. फरक इतकाच की इज़ाफ़तीत वस्तू आधी येते आणि मालक नंतर.

मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था १८७४ साली स्थापन झाली. तिच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पूर्ण इंग्रजी नाव सुरू होते 'अंजुमन-आय-इस्लाम'स' असे आणि पुढे एम. एच. साबू सिद्दीक कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. एकाच नावात फारसी-उर्दूची इज़ाफ़तही आहे आणि इंग्रजीचा वरचा कॉमाही. इस्लामची अंजुमन आणि त्या अंजुमनचे कॉलेज.

ही रीत महाराष्ट्रात पुष्कळ दिसते. शाळा-कॉलेजच्या पाटीवर आधी संस्थेचे नाव, त्याला वरचा कॉमा आणि एस, मग खाली शाळेचे नाव. आपल्या जालन्यातले जेईएस कॉलेज घ्या. त्याचे लांबलचक पूर्ण नाव 'जालना एज्युकेशन सोसायटी'स' असे सुरू होते. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली सुरू झाले, ते डेक्कन एज्युकेशन सोसायटी'स. मराठीत तिथे सरळ 'सोसायटीचे' लिहितात. मुलांना सांगा, दाखल्यावर किंवा शिक्क्यावर जिथे 'सोसायटी'स' दिसेल, तिथे मनात 'सोसायटीचे' म्हणा.

आता एक आणि अनेक यांचा हिशेब. तीन ओळींत सांगते.

मालक एकच असेल तर आधी वरचा कॉमा, मग एस. गर्ल'स बॅग म्हणजे एका मुलीची बॅग.

मालक अनेक असतील आणि शब्दाच्या शेवटी एस असेल, तर कॉमा त्या एसनंतर. गर्लस' बॅगस म्हणजे मुलींच्या बॅगा. ५ सप्टेंबरचा टीचरस' डे असाच लिहितात, कारण तो सगळ्या शिक्षकांचा दिवस आहे.

मालक अनेक असतील पण शब्दाच्या शेवटी एस नसेल, तर पुन्हा आधी कॉमा, मग एस. चिल्ड्रन'स डे, विमेन'स डे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या एसएनडीटी विद्यापीठाच्या नावात विमेन'स युनिव्हर्सिटी असे आहे. विमेन हेच अनेकवचन, त्यामुळे विमेनस' असे कधीही होत नाही. जेन्टस असे दुकानावर लिहिलेले असते, पण मेनस' असे कुठे लिहिलेले दिसले तर ते चूक समजावे. बरोबर शब्द मेन'स.

मदर'स डे हा मात्र एकवचनी आहे. अमेरिकेत हा दिवस सुरू करणाऱ्या ॲना जार्विस यांचा आग्रह होता की प्रत्येकाने आपापल्या एका आईची आठवण काढावी, म्हणून कॉमा एसच्या आधीच हवा. १९१४ साली अमेरिकेत तो दिवस अधिकृत झाला तेव्हा नाव तसेच राहिले. आपण तो दिवस साजरा करावा की नाही, हा वेगळा विषय. पण कॉमाच्या जागेने अर्थ कसा बदलतो, ते यातून चांगले कळते.

आपल्या घरांतल्या तीन चुका

पहिली चूक, कॉमा आणि एस दोन्ही गाळणे. 'माय फादर नेम इज' असे दरवर्षी प्रत्येक वर्गात निम्म्या वह्यांत सापडते. मुले हुशार असतात, तरी असे का होते? मला वाटते, आपण घरात इंग्रजी शब्द वापरतो, पण त्याला 'का, की' आपला लावतो. 'फादर का नाम', 'टीचर की वही'. तेच वाक्य इंग्रजीत नेताना मूल 'का' काढून टाकते आणि त्याच्या जागी काही ठेवत नाही. त्यात स्कूल बॅग, क्लास टीचर, वॉटर बॉटल असे शब्द त्याने ऐकलेले असतात. तिथे चिन्ह लागत नाही, मग इथे कशाला, असे त्याला वाटते. स्कूल बॅग म्हणजे बॅगेचा एक प्रकार, ती कोणाची आहे ते त्यात सांगितलेले नाही. फादर नेम हा नावाचा प्रकार नाही. ते वडिलांचे नाव आहे. एवढे समजावले की मूल चुकत नाही.

दुसरी चूक नेमकी उलटी, म्हणजे अनेकवचनाला कॉमा देणे. शूज, केक, मोबाईल असे शब्द पाटीवर लिहिताना प्रत्येक एसच्या आधी कॉमा. इंग्लंडमध्येही भाजीवाल्यांच्या पाट्यांवर ही चूक इतकी दिसते की तिला तिथे 'भाजीवाल्याचा कॉमा' असेच नाव पडले आहे. तेव्हा ही चूक काही आपल्याच गल्लीतली नाही. नियम सोपा आहे. नुसतेच 'अनेक' म्हणायचे असेल तर फक्त एस. केकस, मोबाईलस, स्टुडंटस. १९९०चे दशक म्हणतानाही आकड्याला फक्त एस लागतो.

आमच्या नात्यातल्या एका वलीम्याच्या कार्डावर मोठ्या सोनेरी अक्षरांत 'द शेख'स' असे छापून आले. म्हणायचे होते 'शेख कुटुंबीय'. अर्थ झाला 'शेखचे', आणि काय ते पुढे नाही. बरोबर रूप 'द शेखस'. पाचशे कार्डे वाटून झाल्यावर घरातल्या कॉलेजच्या मुलाने ते दाखवले आणि त्यालाच बोलणी बसली, "आधी का नाही बोललास?" खरी गोष्ट अशी की आधी त्याला कार्ड कोणी दाखवलेच नव्हते. छापण्याआधी मजकूर घरातल्या शिकत्या मुलामुलींच्या हातात द्या. त्यांचा मान राहतो आणि खर्चही वाचतो.

तिसरी चूक सगळ्यांत पसरलेली आहे. इट'स की इटस? इथे भले भले चुकतात. इट'स म्हणजे 'इट इज', ते आहे. इटस म्हणजे 'त्याचे'. मुले विचारतात, 'त्याचे' म्हणायचे तर कॉमा हवा ना? तुमचाच नियम आहे. प्रश्न रास्त आहे. इंग्रजही सतराव्या-अठराव्या शतकात 'त्याचे' या अर्थाने कॉमा देऊनच लिहीत. नंतर ती रीत मागे पडली.

मी वर्गात असे सांगते. मराठीत आपण 'राशिदचे घर' म्हणतो, पण 'मीचे घर' म्हणत नाही, 'माझे घर' म्हणतो. 'तूचे घर' म्हणत नाही, 'तुझे घर' म्हणतो. उर्दूतही 'मैं का घर' नाही, 'मेरा घर'. या शब्दांच्या पोटातच मालकी आहे, वेगळे चिन्ह लागत नाही. इंग्रजीतही तसेच. हिस, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स आणि इटस. यांतल्या एकालाही वरचा कॉमा नाही. आजवर कोणीही 'हिस'मध्ये कॉमा घातलेला मी पाहिला नाही. मग 'इटस'मध्ये का घालायचा?

यू'आर म्हणजे 'यू आर', आणि कॉमा नसलेले युअर म्हणजे 'तुझे'. हू'स म्हणजे 'हू इज', आणि हूज म्हणजे 'कोणाचे'. शंका आली की शब्द मोकळा करून वाचा. 'इट इज' किंवा 'इट हॅज' असे वाचून वाक्य लागले तर कॉमा द्या, नाही लागले तर देऊ नका. दुसरा कोणताही नियम पाठ केला नाही तरी चालेल.

मोबाईलवर मात्र सावध राहा. फोन स्वतःहून शब्द सुधारतो आणि पुष्कळदा बरोबर शब्द चुकीचा करतो. 'आयडी प्रूफ' लिहायला जावे तर काही फोन त्यातल्या आय आणि डीच्या मध्ये कॉमा घालतात आणि त्याचा अर्थ भलताच होतो. नोकरीचा मेल पाठवण्याआधी एकदा शांतपणे वाचून घ्यावा.

आपल्या नावांतला कॉमा

वरच्या कॉमाचे एक तिसरे कामही आहे आणि त्याचा संबंध थेट आपल्याशी येतो. इंग्रजी पुस्तकांत 'कुरआन' हा शब्द पुष्कळदा क्यू, यू, आर, मग वरचा कॉमा, मग ए, एन असा लिहितात. इथे 'चा' नाही आणि काही गळलेलेही नाही. तिथे हमज़ा आहे. काबा, जुमआ, दुआ या शब्दांत ऐन आहे. या दोन्ही अक्षरांसाठी इंग्रजी लिपीत अक्षर नाही, म्हणून खूण वापरतात. अभ्यासाच्या पुस्तकांत ऐनसाठी उलटा कॉमा आणि हमज़ासाठी सुलटा, असा फरकही करतात. मुलाने हे विचारले तर त्याला सांगा, आनंदाने ऐकेल.

पण धार्मिक पुस्तकात जे शोभते ते कागदपत्रांत घालताना विचार करावा. सअद, मसऊद अशा नावांत ऐन आहे, म्हणून हौसेने जन्माच्या दाखल्यात इंग्रजी नावामध्ये वरचा कॉमा घातला, तर पुढे प्रत्येक ठिकाणी तो सांभाळावा लागतो. अनेक ऑनलाइन अर्जांत नावाच्या रकान्यात फक्त अक्षरे आणि मोकळी जागा चालते. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यातही वरचा कॉमा येत नाही. डी'सूझा हे आडनाव तिथे डी आणि एस जोडूनच येते. एका कागदावर कॉमा आहे, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर मोकळी जागा आहे, असे झाले की मुलाला वर्षानुवर्षे 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' हे सिद्ध करत बसावे लागते. आपल्याकडे मोहम्मद आणि शेख यांच्या स्पेलिंगांनी आधीच पुरेसा घोळ केला आहे. त्यात भर नको. माझा सल्ला असा की नावाचा खरा उच्चार घरात आणि मदरशात शिकवावा, उर्दूत ऐन-हमज़ासह लिहायला शिकवावे, आणि इंग्रजी कागदांवर एकच साधे स्पेलिंग ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवावे.

इंग्रजांचीही तीच गत

हे सगळे वाचून कोणी दडपून जाऊ नये. ज्यांची ही भाषा, त्यांचेही यावर एकमत नाही. मॅकडोनाल्ड'स आपल्या नावात कॉमा ठेवते, लंडनचे हॅरॉड्स दुकान ठेवत नाही. वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ साली आपल्या नावातला कॉमा काढून टाकला. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवरून तो हटवायचे ठरवले, तेव्हा लोकांनी बरीच नाराजी दाखवली. जॉन रिचर्ड्स नावाच्या एका निवृत्त पत्रकारांनी २००१ साली या चिन्हाच्या रक्षणासाठी चक्क एक संस्था काढली. वयाच्या नव्वदीपार गेल्यावर, २०१९ साली, त्यांनी ती थांबवली. लोकांच्या अज्ञानाने आणि आळसाने बाजी मारली, अशी त्यांची तक्रार होती.

म्हणून दुकानाच्या पाटीवर कॉमा चुकला तर त्या दुकानदाराला हसण्याचे काही कारण नाही. गांधी चमनपासून बाजारात जाताना मी आधी अशा पाट्या पाहून मनात हसायचे. आता हसत नाही. जिथे चुकल्याने कोणाचे नुकसान होत नाही, तिथे चुकले तर चुकले. पण अर्ज, प्रमाणपत्र, करार, संमतिपत्र यांत कॉमाची जागा म्हणजे कोणाचा हक्क आणि किती जणांची जबाबदारी, हे ठरवते. 'ब्रदर'स शेअर' म्हणजे एका भावाचा हिस्सा आणि 'ब्रदरस' शेअर' म्हणजे भावांचा हिस्सा. वारसाच्या कागदावर हा फरक किती मोठा होईल, ते सांगायला नको. असा कागद सही करण्याआधी जाणकाराकडून वाचून घ्यावा आणि 'इथे एकाचे म्हटले आहे की सगळ्यांचे?' असे विचारायला लाजू नये.

घरी काय करता येईल?

मुलांना वेगळी शिकवणी लावायची गरज नाही. जेवण झाल्यावर पाच मिनिटे पुरतात. घरातल्या वस्तू घ्या आणि विचारा, हे कोणाचे? दादीचा चष्मा, अब्बूंची टोपी, बहिणींची खोली. मूल आधी मराठीत किंवा उर्दूत सांगेल, मग इंग्रजीत लिहील. बहीण एक आहे की दोन, हे विचारले की कॉमा कुठे द्यायचा ते त्याचे त्यालाच कळते.

लिहून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. इथे 'चा, ची, चे' आहे का? असेल तर मालक एक की अनेक? 'चा' नसेल, तर एखादे अक्षर गळले आहे का? तिन्हींची उत्तरे 'नाही' आली तर कॉमा देऊ नये. आमच्या वर्गात आता हे तीन प्रश्न उर्दूत लिहून भिंतीवर लावले आहेत. बिल्कुल न चुकणारे अजून कोणी निघालेले नाही, त्यात मीही आले.

आणि मूल तुमची चूक दाखवील तेव्हा रागावू नका. आमच्याकडे मोठ्यांची चूक लहानाने दाखवणे म्हणजे बेअदबी समजतात. अदब हवीच, पण गप्प राहायला लावणे म्हणजे अदब शिकवणे नव्हे. त्या मुलीला वाटले की मॅडमनी लिहिले आहे म्हणजे बरोबरच असणार, आणि मग अडचण आपल्याच घरात आहे. एवढ्यासाठी ती सहल सोडायला तयार झाली होती. तिने सरळ येऊन विचारले असते तर एका मिनिटात काम झाले असते. तिने विचारले नाही, कारण विचारले तर चालते हे आम्ही तिला कधी सांगितलेच नव्हते. माझी कॉमाची चूक लहान होती. ही त्याहून मोठी.

त्याच दिवशी मी संमतिपत्र पुन्हा केले. या वेळी इंग्रजीबरोबर उर्दू आणि मराठीतही लिहिले. 'सरपरस्त के दस्तख़त'. 'पालकाची सही, आई, वडील किंवा सांभाळ करणारे कोणीही एक'. वर्गात उभी राहून सांगितले की जुन्या पत्रात माझी चूक होती आणि ती तुमच्यातल्या एकीने शोधली. नाव घेतले नाही. तरी मुली वळून तिच्याचकडे पाहू लागल्या.

दुसऱ्या दिवशी तिचे पत्र आले. रेघेवर तिच्या अम्मीची सही होती, उर्दूत, जपून काढलेली. सहलीच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी फाटकापाशी येऊन उभी होती.